सर नाही म्हणाले

शेवटची इनिंग, त्यांचे दोन गडी बाद, तिसऱ्या बेसवर त्यांचा एक जण पळायला टपलेला, आणि आम्ही जेमतेम एका रननं पुढे. मी पंचांना हात दाखवून वेळ मागितला आणि मैदानाच्या मधोमध, मातीच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्या नंदूकडे चालत निघालो. बेसबॉलमध्ये हे चालतं. क्रिकेटचा कोच सामना सुरू असताना सीमारेषेबाहेर तळमळत बसतो. बेसबॉलच्या मॅनेजरला मात्र ऐन मोक्याला आत जाऊन खेळाडूच्या डोक्यात आणखी गोंधळ घालायची रीतसर मुभा आहे.

नंदू भुयार आमचा पिचर. म्हणजे चेंडू फेकणारा. आमच्या धारखेडच्या संघापुरतं बोलायचं तर तोच संघ. बाकीचे आठ जण त्याच्या आसपास उभे असत, इतकंच. मी जवळ गेलो तेव्हा तो बुटाच्या टोकानं माती उकरत होता.

"काय टाकतोस?" मी विचारलं.

"तुम्ही सांगसान ते."

"तुला काय वाटतं?"

"माह्या वाटण्याचं काय घेऊन बसले, सर."

एरवी या पोराला गप्प बसवावं लागे. कोणता बॅटर कुठला पाय आधी उचलतो, कोणाची नजर कुठे असते, हे तो मला तासभर ऐकवायचा. आज बोलत नव्हता, माझ्याकडे बघतही नव्हता. मी याला एकाग्रता समजलो. मॅनेजर लोकांना खेळाडूच्या मौनात नेहमी एकाग्रताच दिसते.

"बाहेरून आत वळणारा टाक. त्याला आतला खेळता येत नाही."

"बरं."

"आणि नंदू, घाई..."

"टाकतो म्हटलं न जी."

मी परत आलो. नंदूनं तीन चेंडू टाकले. बॅटरनं तिन्ही वेळा हवेला मारलं, म्हणजे तिसरा गडीही बाद. धारखेडचं नवजीवन क्रीडा मंडळ राज्यात पहिलं आलं. आठही जण धावत येऊन एकमेकांवर पडले, आणि त्या ढिगातून बाजूला सरकत नंदू माझ्यापाशी आला. त्यानं चेंडू माझ्या हातात ठेवला, देणेकऱ्यानं ठेवावा तसा, ग्लव्ह काढला आणि पाण्याच्या ड्रमकडे निघून गेला. कप द्यायला एक मंत्री आले होते. त्यांनी कप आमच्या अध्यक्षांच्या, म्हणजे बापूसाहेब काळमेघांच्या हातात दिला, आणि फोटोत मला बापूसाहेबांच्या खांद्याआडून अर्धा कान मिळाला.

आमच्या गावात बेसबॉल कसा आला, हे परक्याला सांगताना मला आजही थोडं चोरट्यासारखं होतं. खेळाच्या आवडीनं तो आला नाही. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात. राज्यात पहिल्या तिनात आलं की त्या जागेला अर्ज करता येतो. कबड्डी-खोखोत पहिल्या तिनात यायचं तर अर्धा महाराष्ट्र आडवा करावा लागतो. बेसबॉल खेळणारी गावं मात्र तेव्हा मोजकीच होती. ही गोष्ट आमच्या तालुक्यात सगळ्यांत आधी बापूसाहेबांच्या ध्यानात आली. त्यांची शाळा होती, शाळेमागं त्यांचं स्वतःचं सपाट शेत होतं, आणि गावात नोकरी नसलेली धडधाकट पोरं होती. मंडळ निघालं. नियमांचं पुस्तक आलं ते इंग्रजीत. ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवणारा मी एकटा. एवढ्या पात्रतेवर मी मॅनेजर झालो.

पहिली दोन वर्षं आम्ही पुस्तक वाचून वाचून हरलो. मग पुस्तक मिटलं आणि जिंकायला लागलो. तिसरे आलो, पुन्हा तिसरे आलो, एकदा दुसरे आलो. पोरं एकेक करत नोकरीला चिकटली; कोणी पोलिसात, कोणी वनखात्यात, कोणी तहसीलमध्ये. ज्याचं काम झालं त्यानं उठायचं आणि जागा पुढच्याला द्यायची, अशी मंडळाची रीत पडली. पंगतीतल्यासारखी. कोणाला वाईट वाटत नसे. पंगतीतून उठताना कोणाला वाटतं?

वाटलं ते मला. चाळिशीला टेकलेल्या बाप्याला त्या खेळाचा नाद लागला. अख्ख्या मंडळात नाद लागलेला मी एकटाच होतो. नाही, दोघे होतो. दुसरा नंदू. त्याच्या नावावर तिसरा नंबर होता, दुसरा नंबर होता, कागद केव्हाच तयार होते. पण भरती निघायची तेव्हा त्याचा अभ्यास कच्चा असायचा, आणि अभ्यास कच्चा असायचा कारण संध्याकाळी तो शाळेच्या भिंतीवर खडूचा चौकोन काढून त्यात चेंडू मारत बसलेला असायचा. मी शेजारी उभा राहून चौकोन लहान करत जायचो. या उद्योगाला आम्ही सराव म्हणत असू.

बाकीच्यांचं चित्त कुठे असे हे मला एका सेमीफायनलला कळलं. मैदानात मागच्या बाजूला उभे असलेले आमच्याच संघातले दोघे जण, खेळ चालू असताना, तलाठ्याची जाहिरात निघाली की नाही यावर बोलत होते. चेंडू त्यांच्या मधून गेला. मधून म्हणजे अक्षरशः मधून, दोघांनी मान वळवून त्याला वाट दिली. आम्ही हरलो. त्या दिवशी मी नियम केला: शिबिर सुरू झाल्यापासून स्पर्धा संपेपर्यंत भरतीचं नाव काढायचं नाही. ना मैदानात, ना जेवताना, ना झोपताना. जो काढेल त्यानं मैदानाचा दगडी रोलर एकट्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा. दोन-चार जणांनी ओढला. मग सगळ्यांची जीभ सरळ झाली. पुढे पुढे तर मी जवळ आलो की पोरं कसलंच बोलेनाशी झाली, आणि याला मी शिस्त म्हणू लागलो.

नियमाचं कौतुक सगळ्यांत जास्त बापूसाहेबांनी केलं. "दाणी सर म्हणजे मिलिटरी," असं ते कोणालाही सांगत.

तर आम्ही पहिले आलो. परतताना बसस्टँडवर बँड होता. बापूसाहेब आधीच जीपनं पोचून हार घेऊन उभे होते. बस थांबली, मी उतरलो, आणि पोरांनी मला तिथल्या तिथे उचललं. बापूसाहेब हार धरून तसेच उभे. त्यांची उंची बेताची. मी खांद्यावर, हार खाली. शेवटी त्यांनी तो कपाला घातला. नंदू बॅटींची पिशवी खांद्याला लावून बँडच्या मागून, गर्दी सोडून, कडेकडेनं चालत होता. पोरगं दमलं असेल, असं मी म्हणालो. शेजारच्या हिवराळे कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा मुलगा संघात राखीव होता. "दमलंच म्हना," तो म्हणाला. "दमाले आता काय, जलमभर टाइम आहे त्याले."

मी हसलो. विनोद समजलो.

दोन दिवसांनी निरोप आला: रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये सर्वसाधारण सभा, विषय अभिनंदन आणि पुढील व्यवस्था. 'पुढील व्यवस्था' म्हणजे नवे बूट, अशी माझी समजूत. शनिवारी मी बुटांच्या किमती काढत बसलो होतो, तेव्हा नंदूची आई दारात आली. ती बापूसाहेबांच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. कधी घरी आलेली नव्हती. आत या म्हटलं तर आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"सर, मी भांडाले नाई आली. इचाराले आली."

"विचारा ना."

"एका दिवसानं तुमचं काय बिघडत होतं?"

"कुठल्या दिवसानं?"

"पोराची पोलिसभरतीची मैदानी परीक्षा होती न जी. तुमच्या फायनलच्याच दिवशी. वय बसाचं त्याचं हे शेवटचं वर्ष. तुम्हाले काय सांगाव, तुम्हाले ठाऊकच आहे."

मला ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणालो. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू शिकलेला माणूस इतकं उघड खोटं बोलतो हे ती पहिल्यांदाच बघते आहे.

"असं काहून म्हणता? बापूसाहेबांनी तुम्हाले इचारलं होतं. मीच गेली होती त्याइच्याकडे. म्हटलं, सरांसमोर भरतीचं नाव काढाले पोट्टे भेतात, तुम्ही मोठे आहा, तुम्ही सांगा. ते म्हणे, सांगतो. अन् संध्याकाळी त्याइनं मैदानावर येऊन नंदूले सांगतलं, सर नाही म्हणाले."

मला ती संध्याकाळ आठवली. शिबिराचा शेवटचा दिवस. बापूसाहेब आले होते, केळी आणली होती. नंदूला बाजूला नेऊन त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मी लांबून पाहिलं आणि म्हटलं, अध्यक्ष पोराला हुरूप देताहेत. बापूसाहेबांनी जाताना मला हातही केला होता.

"मी नाही म्हणालो नव्हतो," मी म्हणालो. "मला कोणी विचारलंच नव्हतं."

तिनं पदर नीट केला. "आता काय जी," ती म्हणाली. "पोरगं तर गेलं नाई." आणि निघून गेली. माझं म्हणणं तिनं खोटं मानलं की खरं, ते तिच्या पाठीवरून कळेना.

मी शर्ट बदलला आणि बापूसाहेबांकडे गेलो.

ते ओसरीवर संत्रं सोलत बसले होते. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. अर्धं संत्रं त्यांनी माझ्यापुढे केलं.

"माय येऊन गेली वाटते," ते म्हणाले.

"तुम्ही मला विचारलं नाहीत."

"नाई विचारलं."

मी आरडाओरड करायच्या तयारीनं आलो होतो. समोरचा इतक्या सहज कबूल झाला की आरडाओरड कुठून सुरू करायची ते कळत नाही. बापूसाहेबांनी संत्र्याची बी थुंकून ओसरीखाली टाकली.

"ज्या मंत्र्यानं कप दिला न, सर, त्याच्या टेबलावर आपल्या सिनिअर कॉलेजची फाईल आहे. दुसऱ्या नंबरचा कप घेऊन त्याच्यासमोर उभं राहाचं का मी? नंदूबिगर तुम्ही जिंकले असते?"

"नसतो जिंकलो."

"मंग."

"पण मला सांगायचं होतं. मी ठरवलं असतं."

"काय ठरवलं असतं? जा म्हटलं असतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्यांनी संत्र्याची फोड हातात धरून, घाई न करता वाट पाहिली. त्या अवधीत एखादा खोटारडाही काही तरी बोलून गेला असता.

"विचारलं असतं तर कळलं असतं," मी म्हणालो.

"तेच म्हणतो मी. तुम्हालेच नाई माहीत, तं मी कायले रिस्क घेऊ?" त्यांनी फोड तोंडात टाकली. "आता पोट्ट्यांचे बाप चिडले आहे. म्हणतात, आज नंदू, उद्या आमचा. कोणाले तरी जावं लागते. मी जाऊ शकत नाई, जमीन माही आहे."

"उद्या सभेत मी सगळं सांगणार आहे."

"सांगा न. मी कुठे तुमचं तोंड धरतो?" ते अगदी आपुलकीनं म्हणाले. "फक्त एक ऐकून घ्या. माह्या शाळेत शिपायाची एक जागा खाली झाली. पर्मनंट. उद्या सभेत मी नंदूले देऊन राह्यलो. संघबी त्याच्याचकडे देतो. पोट्टा कसा आहे ते तुम्हाले माह्यापेक्षा जास्त माहीत. मी खोटं बोललो हे त्याले कळलं तं तो ती ऑर्डर माह्या तोंडावर फेकून जाईन. जाईन का नाई, तुम्हीच सांगा."

फेकून गेला असता. यात मला शंका नव्हती. एकदा पंचानं चुकीचा निर्णय दिला म्हणून हा पोरगा जिंकत आलेल्या सामन्यातून बाहेर निघाला होता. मी त्याला हाताला धरून परत आणलं होतं.

"शिपाई झाला तं पोट भरते," बापूसाहेब म्हणाले. "तुमच्यावर रागावला तं काय बिघडते? तुमच्यावर तं सगळेच रागावून राहतात. चहा घेता?"

मी चहा घेतला. हे लिहून ठेवतो, कारण मी रागानं उठून गेलो असं पुढे गावात पसरलं. मी उठलो नाही. चहात आलं जास्त होतं.

सभा सकाळी भरली. आधी आलुपोहे झाले. मग अभिनंदनाचा ठराव, मग माझा सत्कार. बापूसाहेबांनी मला शाल पांघरली, नारळ हातात दिला, आणि मी बेसबॉलच्या क्षेत्रात केलेल्या कार्यावर दहा मिनिटं बोलले. मी वारलो असतो तरी त्यांना याहून बरं बोलता आलं नसतं. टाळ्या झाल्या. शाल काढायची सवड न देता ते पुढच्या विषयाकडे वळले.

"काही पालकांची एक तक्रार आहे," ते म्हणाले. "हिवराळे, बोला."

हिवराळे कंडक्टर उभा राहिला. चांगला माणूस. बसमध्येसुद्धा सुट्ट्यांवरून कोणाशी भांडत नसे. त्यानं घसा साफ केला. "सरांबद्दल आमाले आदर आहे. सर नसते तं आपण पहिले आलो नसतो. पण सर, आपले पोट्टे खेळतात कायच्यासाठी? पोटासाठी. पोरगं इकडे कप जिंकते अन् तिकडे त्याची मैदानी जाते. अन् पोरगं सांगू शकत नाई, काहून का सांगतलं तं रोलर ओढा लागते. मले येवढंच इचाराचं आहे, सर. नंदूची मैदानी होती हे तुम्हाले बापूसाहेबांनी सांगतलं होतं. तुम्ही त्याले नाही म्हणाले. खरं का खोटं?"

नंदू मागच्या भिंतीला टेकून उभा होता. फायनलनंतर त्यानं पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. चेंडू टाकण्याआधी बॅटरकडे पाहायचा तसं. राग नसतो त्या बघण्यात, समोरचा आता काय करणार एवढंच हवं असतं. बापूसाहेब हाताची घडी घालून छताकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. खरं सांगायचं तर त्यांनी माझी परीक्षा इतकी बरोबर केली होती, याचा मला राग जास्त आला.

रात्री मी भाषण तयार केलं होतं. चांगलं होतं. त्यात केळी होती, खांद्यावरचा हात होता, मंत्र्याची फाईल होती. ते सगळं जिभेवर आलं होतं.

"खरं आहे," मी म्हणालो.

"नाही म्हणाले तुम्ही?"

"नाही म्हणालो."

"काहून, सर?"

"फायनल होती," मी म्हणालो.

कोणीतरी मागून "अरेरे" म्हणालं, मयतीला म्हणतात त्या सुरात. हिवराळे खाली बसला. मी कबूल होईन याची त्याला अपेक्षा नसावी. तो माझ्यापेक्षा जास्त अवघडला. मग बापूसाहेबांनी छतावरून नजर खाली आणली आणि जड अंतःकरणानं, हे त्यांचेच शब्द, जड अंतःकरणानं ठराव मांडला: सरांनी मंडळाला शिखरावर नेलं, आता सरांनी विश्रांती घ्यावी, संघाची जबाबदारी नंदकिशोर भुयार यांच्याकडे, आणि त्यांच्या झालेल्या नुकसानीची भरपाई म्हणून त्यांना शाळेत शिपाईपदी नेमण्यात येत आहे. यावर मात्र मनापासून टाळ्या पडल्या. नंदूची आई दाराशी उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. नंतर माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे. तिला काय कळलं, काय नाही, मी कधी विचारलं नाही. शाळेतली खिचडी तिलाही शिजवायची होती.

"ठरावाच्या बाजूनं हात वर करा."

पोरांचे हात सावकाश वर आले. त्या सेमीफायनलला तलाठ्याच्या जाहिरातीवर बोलणारे दोघे, कॅचर, हिवराळेचा राखीव पोरगा, सगळे. ज्यांनी मला चार दिवसांपूर्वी खांद्यावर घेतलं ते हात. मी त्यांना दोष देत नाही. तोच हात वर करायला मीच त्यांना शिकवलं होतं, उंच झेल असला की ज्याचा आहे त्यानं हात वर करायचा. नंदूचा हात सगळ्यांत शेवटी आला. पण आला, आणि तो सरळ होता, कोपरात वाकलेला नव्हता.

मी मंडळाचा सभासद होतो. मीही हात वर केला. खांद्यावरून शाल घसरली.

"एकमतानं," बापूसाहेब म्हणाले.

याला आता वीस वर्षं झाली. नंदू त्या शाळेत आहे. मध्यंतरी त्याला प्रयोगशाळेत बढती मिळाली. संघही त्याच्याकडेच आहे आणि दर वर्षी राज्यात तिसरा येतो. पहिला पुन्हा कधी आला नाही, दुसराही नाही. तिसऱ्या नंबरवर नोकरी मिळते, मग वर कशाला चढायचं? गावात सगळे त्याच्यावर खूश आहेत. भिंतीवरचा चौकोन त्यानं पुसला की चुन्यात गेला, माहीत नाही. बापूसाहेबांचं कॉलेज झालं. मी तिथेच इंग्रजी शिकवून निवृत्त झालो.

पण त्या सकाळी सभा संपल्यावर मी बाहेर पडलो, तेव्हा नंदू अंगणातल्या नळावर हात धूत होता. मी वळून दुसऱ्या फाटकानं जाणार होतो. त्यानं हाक मारली.

"सर."

मी थांबलो. तो नळ बंद न करताच बोलू लागला.

"मी भांडत नाई. एक सांगतो फक्त."

"सांग."

"मी मैदानीले जाणारच नव्हतो. मायले म्हटलं, मी फायनल खेळतो, पोलीस गेला उडत. ती लय रडली. म्हणून तिले म्हटलं, बरं, सरांले इचार." त्यानं ओले हात पँटला पुसले. "मले वाटलं, तुम्ही जा म्हणसान. पक्कं वाटलं होतं. अन् तुम्ही जा म्हटल्यावर मी तुम्हाले म्हणणार होतो, नाई सर, मी थांबतो."

नळाचं पाणी वाहत होतं. मी ते बंद केलं.

"तेवढं म्हणू द्याचं होतं मले," तो म्हणाला.

आतून बापूसाहेबांनी त्याला हाक मारली. ऑर्डर घ्यायची होती, फोटोवाला खोळंबला होता. नंदूनं तिकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि तसाच उभा राहिला. माझं काहीतरी बोलायचं राहिलं असावं, असा अंदाज त्यानं केला असेल. त्याचे अंदाज सहसा चुकत नसत.

"जा," मी म्हणालो.

तो गेला.